बोनसचा कोरा रकाना

केळवे
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

मितेश,

आशीर्वाद आहेच, तो वेगळा लिहून कागद भरत नाही. पत्र समिधा लिहितेय. मी बोलते, ती लिहिते आणि मध्येच थांबून "आजी, असं नको ना" म्हणते. तिने मागून काही सुधारलं तर मला कळणार नाही, पण तुला कळेल. पत्रात कुठे 'कृपया' दिसलं तर समज, ते तुझ्या बहिणीचं आहे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. दारात आलेल्या पोस्टमनला 'मीटिंगमध्ये आहे' असं सांगता येत नाही. भोपाळचे पोस्टमन जिने चढतात ना?

इकडे सगळं जागच्या जागी आहे. तुझी आई पहाटे उठते, पानवेलींना पाणी सोडते, विड्याची पानं खुडून करंडीत लावते आणि दिवसभरात चार वाक्यं बोलते. त्यातली दोन माझ्याशी. मी ओटीवर बसून सुपारी सोलते. तुझा बाप, ज्ञानेश जाऊन आठ महिने होतील. पोटचा मुलगा गेला आणि मला अजून रडू आलेलं नाही. सुरुवातीला गावातल्या बायका समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायच्या, स्टॉपवर एसटीची वाट बघावी तशा. शेवटी कंटाळून उठून गेल्या. चहा पिते, पण तुझ्या आईने, रूपलने साखर घातली की विसरली ते कळत नाही. दाढ दुखायची, तीसुद्धा दुखायची थांबली. डॉक्टरकडे काय सांगू? काही दुखत नाही म्हणून आले?

तुझा खेळ पुन्हा सुरू केलाय. समिधा सूत्रधार, मी आणि सपना खेळणाऱ्या. तुझी खेळातली जुनी मैत्रीण सपना दर रविवारी बोईसरहून येते, कंपनीत तिला आता पॅकिंगवरून मशीनवर घेतलंय. पहिल्या दिवशी समिधाने तुझी नियमांची पाटी वाचून दाखवली. प्रत्येकाने गोष्टीतलं आपलं माणूस कागदावर मांडायचं. एका रकान्यात खोट, दुसऱ्यात बोनस. जेवढ्या पॉइंटची खोट घ्याल तेवढ्याच पॉइंटचा बोनस मिळेल, शेवटी हिशेब शून्यावर आला पाहिजे. आणि तुझा तो शेवटचा नियम: खोट चावली पाहिजे. तीन बैठकांत एकदाही चावली नाही, तर तिचे पॉइंट परत.

मला आठवतं, सपनाने आपल्या बाईला समुद्राची भीती घेतली होती, पाच पॉइंट. गोष्ट डोंगरातली, म्हणून ती खुशीत. "आमच्या डोंगरात कुठला समुद्र हाय? फुकटचे पाच!" पुढच्याच रविवारी तू डोंगरातून नदी काढलीस, नदीला पूर आणलास आणि सपनाच्या बाईला होडीत बसवलंस. ती रडकुंडीला आली, आणि तू चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणालास, "भीती घेतलीस ना? मग भी." न्यायी होतास. मला ते आवडायचं.

खेळातली माझी ठकी तुला आठवत असेल. तिची खोट, खोटं बोलल्याशिवाय राहवत नाही, चार पॉइंट. त्या चारांत मी विकत घेतलं की तिच्यावर कुणीही विश्वास ठेवतो. तू म्हणाला होतास, "आजी, ही खोट नाहीच. तुला दोन्हीकडून फायदाच." मी म्हटलं होतं, थांब, चावेल कधीतरी.

वीस तोंडांचा तुझा फासा मला अजून वाचता येत नाही. मी माझ्या सात कवड्याच टाकते, किती उताण्या पडल्या ते मोजते. समिधा म्हणते, कवड्यांत तीन नाहीतर चारच जास्त वेळा पडतात, सातही क्वचित आणि शून्यही क्वचित. हल्ली तर फक्त तीन आणि चारच. ठकी मरतही नाही, जिंकतही नाही. चालत राहते.

वर्षश्राद्ध अकरा जानेवारीला आहे. भटजींनी मुलगा असेल ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, असेल.

ये.

आजी
(खाली कवडी ठेवून तिच्याभोवती पेन फिरवलंय. ती माझी सही.)


केळवे
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

मितेश,

तू समिधाला मोबाईलवर लिहिलंस ते तिने वाचून दाखवलं. 'मी यायच्या लायकीचा नाही. माझ्यामुळे झालं. आजीला म्हणावं पत्रं पाठवू नको.'

म्हणजे पहिलं पत्र वाचलंस. चला.

आता माझं ऐक. तू स्वतःला फार मोठा समजतोस. एका कागदाने माणूस मरत असता तर लाइटबिलाने अख्खं गाव संपलं असतं. डॉक्टर म्हणाले, ज्ञानेशच्या छातीचं दुखणं जुनं होतं. गोळ्या तो कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवायचा, घरी कुणाला कळू नये म्हणून. कँटीनमध्ये जेवून उठला आणि बसला. इतकंच झालं. तू त्यात कुठेच नव्हतास.

पण पाडव्याचं बोलू. गेल्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला फराळ झाल्यावर तू घरातल्या सगळ्यांचे कागद काढलेस. आम्हालाच खेळातली माणसं केलं होतंस. समिधाची खोट, उलट बोलते, तीन. बोनस, कुणाच्या बापाला घाबरत नाही, तीन. ज्ञानेश सगळ्यात मोठ्याने हसला. रूपलची खोट, स्वतःसाठी काही मागत नाही, चार. तिचा बोनस होता, न मागता दुसऱ्याचं ओळखते, चार. ती पदर तोंडाला लावून आत गेली, ती हसायला गेली की रडायला ते अजून माहीत नाही. माझी खोट, अक्षर येत नाही, चार. बोनस, ऐकलेलं विसरत नाही, चार. बरोबर मांडलं होतंस.

मग ज्ञानेशचा. खोट, भित्रा, पाच पॉइंट. आणि थांबलास.

तो म्हणाला, "आणि पुढे?"

तू म्हणालास, "पुढे काही सुचलं नाही, पप्पा."

आणि हसलास. मी बघत होते, तू एकटाच हसलास.

खोट लिहिलीस त्याचं नाही. त्याला 'भित्रा' मी लहानपणापासून म्हणत आलेय. पण नियम तुझा होता. सपनासाठी डोंगरातून नदी काढणारा तू, आणि बापाचा रकाना कोरा ठेवलास. ज्ञानेशने कागदाचे चार तुकडे केले, खिशात घातले आणि म्हणाला, "उद्यापासून माझ्यासमोर बसू नकोस." तू संध्याकाळच्याच गाडीने गेलास. जानेवारीत आलास तो खांदा द्यायला, आणि तेराव्याचं जेवण आटोपून पुन्हा गेलास. माझ्या पाया पडलास, पण वर बघितलं नाहीस.

आता एक गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. समिधालाही आत्ताच कळतेय. लिही गं, थांबू नकोस.

कंपनीतून ज्ञानेशची पिशवी आली होती. डबा, रुमाल, गोळ्या आणि चष्म्याचं घर. चष्म्याच्या घरात घडी घातलेला कागद होता. चार तुकडे, मागून चिकटपट्टी लावून जोडलेले. त्यावर चकलीचा तेलकट डाग आहे आणि कोपऱ्यात तू काढलेलं चित्र, काठावर उभा असलेला काडीचा माणूस. तुझी शाई काळी आहे. कोऱ्या जागेत आता निळी शाई आहे.

मला वाचता येत नाही. आठ महिने तो कागद माझ्या बटव्यात, सुपारीच्या खांडांबरोबर आहे. समिधा आत्ता हात पुढे करून बसलीय. देणार नाही. रूपललाही देणार नाही. कागद तू लिहिलास, बापाने त्यात उत्तर लिहिलं. वाचायचं तूच, माझ्यासमोर ओटीवर बसून.

ये आणि वाच.

आजी
(कवडी)


केळवे
गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

मितेश,

'कागद फाडून टाका' असा तुझा निरोप आला. एकदा फाडून झालाय. त्याचा उपयोग झाला नाही.

सणाचं काही लिहिण्यासारखं नाही. या वर्षी आपल्याकडे सण नाही, लोकांनीच फराळ आणून दिला. चकली खाल्ली. कुरकुरीत होती असं समिधा म्हणते.

आजी

*दादा, हे आजीने सांगितलेलं नाही. सण नाही म्हणत तिनेच सकाळी पाट मांडायला लावला. मी म्हटलं, कुणाला ओवाळू? ती म्हणाली, मांडून ठेव, पाटाला काय होतंय. दुपारपर्यंत ती पाटासमोर सुपारी सोलत बसली होती. मग स्वतःच पाट उचलून भिंतीला लावला. चेहऱ्यावर काही नाही. मला तिची भीती वाटते, म्हणजे तिच्यासाठी. – स.*


केळवे
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

मितेश,

हे पत्र सपना लिहितेय. समिधाला आईबरोबर पालघरला बाजाराला पाठवलंय. सपनाचं अक्षर कसं आहे मला माहीत नाही. ती म्हणते, "मोठं हाय, पण वाचता येतं."

मागच्या रविवारी समिधाने, सूत्रधार म्हणून, मला पकडलं. म्हणाली, "आजी, तीन बैठका झाल्या. ठकीची खोट एकदाही चावली नाही. चार पॉइंट परत." मी वाद घातला, बरंच काही ऐकवलं. ती ऐकेना, तुझीच बहीण. चार पॉइंट गेले, आणि बोनसही गेला. आता ठकीवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यानंतर मला सुपारी सोलताना आठ दिवस तेच डोक्यात. म्हणून आज बोलते. समिधासमोर तोंड उघडलं नसतं.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात तू मला विचारलं होतंस, पप्पा पाण्याजवळ का जात नाहीत? समुद्र दारात, वाडीत बाव, आणि हा माणूस बादलीने अंघोळ करताना पण डोळे मिटत नाही. मी तुला हिमानीची गोष्ट सांगितली. तुझी आत्या, चार वर्षांची. वाडीतल्या त्याच बावेत, विहिरीत पडली, आणि नऊ वर्षांचा ज्ञानेश अंगणात बसून राहिला. जागचा हलला नाही. मी तुला म्हटलं, भित्रा पहिल्यापासून. तू ते कागदावर लिहिलंस.

गोष्ट खरी होती. अर्धी.

सपना, लिही तू. माझ्याकडे बघू नको.

त्या दिवशी मी अंगणात सुपारी वाळत घातली होती. शेजारच्यांची शेळी सारखी आत यायची. मला पानवेलीकडे जायचं होतं. ज्ञानेशच्या हातात काठी दिली आणि म्हटलं, मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. काही झालं तरी हलायचं नाही. हललास तर तंगडी मोडीन. तो घाबरट नव्हता रे, माझं ऐकणारा होता. हिमानी बावेकडे गेली तेव्हा त्याने बसल्या जागेवरून मला हाका मारल्या. मी लांब होते. आले तेव्हा तो चटईच्या काठावर बसलेला, काठी हातात, आणि सुपारी सगळी जागेवर. एकही शेळीने खाल्ली नव्हती.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, हा इथेच होता ना? मी म्हटलं, घाबरलं पोरगं, जागचं हललं नाही. माझ्या तोंडून आधी तेच निघालं. मग तेच राहिलं. चाळीस वर्षं राहिलं. त्याने एकदाही म्हटलं नाही की आई, तूच सांगितलं होतंस. मोठा झाला, लग्न झालं, पोरं झाली. मी थट्टेत भित्रा म्हणायचे आणि तो मान खाली घालून जेवायचा.

ती खोट त्याची नव्हती, मितेश. माझी होती. तू न्यायी आहेस, पण तुला खोट चुकीच्या माणसाची सांगितली गेली.

हे सांगून झाल्यावर मी सपनाला कागद दिला. तुझी वाट बघायची म्हटलं होतं, पण ठकीला आता कुणावर अट घालायचा हक्क नाही. सपनाने वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिने वाचलं नाही, म्हणाली, "आजी, जरा थांबा ना."

बापाने 'भित्रा, पाच' खोडलेलं नाही. बोनसच्या रकान्यात निळ्या शाईने लिहिलंय:

दोन्ही पोरांना पोहता येतं. पाच.

खाली बेरीज मांडलीय, पाच आणि पाच, शून्य. आणि त्याच्या खाली, बाजाराच्या यादीत लिहावं तसं: 'मितेशला विचारणे, बरोबर का?'

तुला दातिवऱ्याचे रविवार आठवतात? रामा कोळी तुम्हा दोघांना कमरेला दोर बांधून खाडीत सोडायचा आणि दोराचं दुसरं टोक धरून तुझा बाप काठावर. तू घरी येऊन म्हणायचास, सगळ्यांचे पप्पा पाण्यात येतात, आपले आळशी, नुसते उभे राहतात. तुझ्या चित्रातला काडीचा माणूस तोच ना? चित्रात दोर काढायला विसरलास. तो घरी आला की मी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावायचे. दोन्ही तळवे सोललेले असायचे. तो दोर ओढत नसे, तुम्ही काही बुडत नव्हता. नुसता धरून असायचा, तेवढ्यानेच. पाच वर्षं, पावसाळा सोडून एकही रविवार चुकवला नाही.

मूळ कागद याच पाकिटात आहे. तुझा आहे, ठेव. सोबत एक कवडी आहे. माझ्या सातांतली, कडेला तपकिरी ठिपका असलेली. सहा कवड्यांवर माझा खेळ होत नाही, समिधाने सगळं सातावर बसवलंय. पोस्टात हरवली तर माझी म्हातारीची बैठक बंद.

कागद ठेव, कवडी परत आण.

आजी

*मितेश, मी सपना. आजी सांगते तसंच सगळं लिवलं, काय बदललं नाय. आजी रडली नाय. पण मला म्हणाली चहा कर, आणि पिऊन म्हणाली, साखर घातली नाहीस. खरंच विसरली होती मी.*


केळवे
रविवार, २५ जानेवारी २०२६

मितेश,

पोहोचलास हे समिधाने सांगितलं. डब्यातले लाडू गाडीत वाटून टाकलेस हेही सांगितलं. तूप जास्त झालं होतं, मला माहीत आहे.

तू आलास म्हणून श्राद्धाला गावात बरं बोललं गेलं. तू दीड दिवस राहिलास आणि माझ्याशी एकूण सहा वाक्यं बोललास, मी मोजली. पिंड तू फळीवर डबे ठेवावेत तसे ठेवलेस. मी मनात म्हटलं, याचंही माझ्यासारखंच झालंय, काही पोहोचत नाहीये. मग तू आतून जुना दोर काढून आणलास, बावेच्या कठड्यावर जाऊन बसलास, एकटा. रूपल जाऊन तुझ्याशेजारी बसली. काय बोललात ते मी विचारलं नाही. घरात येताना तिच्या हातात दोराची गुंडाळी होती आणि ती त्या दिवसाचं पाचवं वाक्य माझ्याशी बोलली. "आई, जेवायला बसा."

मला माफ केलंस का, असं मी विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तू कवडी पाटावर ठेवलीस आणि म्हणालास, "टाक." टाकल्या. चार पडल्या. तू म्हणालास, "चार म्हणजे ठकी वाचली, पण पुढे काय ते ठरलं नाही." नेहमीचंच. पण तुझ्या तोंडून ऐकलं.

जाताना तू घरातले पाडव्याचे कागद मागितलेस. तू सोबत आणलेल्या बापाच्या कागदावरचं 'भित्रा' काळ्या शाईने खोडलंस, तिथे काहीतरी नवीन लिहिलंस आणि कागद घडी करून खिशात घातलास. मग माझा घेतलास. तू गेल्यावर समिधाकडून वाचून घेतला. माझी जुनी खोट, अक्षर येत नाही, ती तू काढून टाकलीस. बोनस पण काढलास. नवीन खोट लिहिलीस: खरं सांगायला चाळीस वर्षं लावते. पाच पॉइंट.

बरोबर आहे. हिशेब मला मान्य आहे.

समिधा म्हणाली, "आजी, बोनसचा रकाना कोरा ठेवलाय दादाने."

मी तिला तिथे काही लिहू दिलं नाही. तिने दोन-तीन गोष्टी सुचवल्या, गोड होत्या, पण ज्याने कागद मांडला त्याच्याशिवाय पॉइंट भरत नाहीत. आज सकाळी कागद पुढ्यात ठेवून बराच वेळ बसले होते. वरच्या ओळी म्हणजे मला नुसत्या मुंग्या. कोरी जागा तेवढी ओळखता येते. बसल्या बसल्या कागदावर एक थेंब पडला. समिधाने पुसायच्या आत दुसरा. तिला म्हटलं, छत गळतंय. ती म्हणाली, जानेवारीत?

तुझ्या बापाला लिहिता येत होतं. त्याने कोरी जागा स्वतः भरली आणि तुला विचारायचं ठेवून गेला. मला लिहिता येत नाही. तेव्हा माझी जागा भरायला तुलाच यावं लागेल.

आजी
(कवडी)